उत्तर: खानापूरच्या माजी सैनिक हॉलमधली थ्री-नॉट-थ्री

दादा, हॉलमधल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री (.303) रायफलीचा तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला. उजवीकडची गोल बोंडाची पट्टी म्हणजे सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ) असं वर कुणीतरी लिहिलंय, ते बरोबर नाही. या रायफलीची सेफ्टी डावीकडे, बोल्टच्या (गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) मागच्या बाजूला असते. ही पट्टी मॅगझिन कट-ऑफ आहे, म्हणजे मॅगझिनमधून (गोळ्यांच्या पेटीतून) गोळी वर येणं बंद करणारी. आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहतात आणि शिपाई वरून एकेक गोळी घालून झाडतो. दारूगोळा जपून वापरायच्या काळातली ही सोय.

डावीकडे लाकडावर आकड्यांची तबकडी आणि काटा आहे ना, तो व्हॉली साइटचा, म्हणजे फार लांबच्या नेमाच्या साधनाचा, पुढचा भाग. मागचा भाग सेफ्टीजवळ, बारीक भोकाचा. नेहमीचा नेम 2000 यार्डांपर्यंतच, त्यापुढं अख्ख्या तुकडीनं मिळून गोळीबार करायला ही तबकडी. 1916 च्या सुधारित मॉडेलात ती काढून टाकली, आणि जुन्या रायफलींवरचीही पुष्कळ ठिकाणी उतरवली. म्हणून दोन्ही भाग शाबूत असतील तर ती रायफल फार जपा! पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कोरीव अक्षरं जातील.

आता एवढं करा की: बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) बसतो त्या लोखंडी कड्याच्या उजव्या बाजूचा फोटो टाका. मुकुटाचा छाप, कारखान्याचं नाव, साल तिथंच असतं. दस्त्यावर पितळी चकती असेल तर तिचाही. त्यावर पलटणीची खूण सापडू शकते. मग बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या संग्रहालयात विचारता येईल.