अमेरिका की कॅनडा : राहणीमान, सुरक्षितता आणि बारीकसारीक

धुकेवाडी
बेसमेंट आवरताना सामानाची जुनी यादी हाती लागली, अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून कॅनडातल्या विंडसरला जातानाची, आणि तेव्हाची धावपळ डोळ्यापुढे आली. वरवर पाहता दोन्ही देश एकच. प्लग तोच, तातडीच्या मदतीचा ९११ तोच, आता मानसिक त्रासासाठी ९८८ सुद्धा दोन्हीकडे. फरक कळतो तो कागदपत्रांत, दवाखान्यात आणि रात्री गाडी कुठे लावता त्यात. त्यामुळे "कुठलं बरं?" असं मोघम नको, नेमकं काय करावं लागतं ते लिहा.

माझ्याकडून यादीचं. तिचे दोन भाग करायचे : सोबत नेतोय ते आणि मागाहून येणार ते. मागाहून येणारं पहिल्याच दिवशी सीमेवर लिहून दिलं नसेल, तर पुढे ते ट्रकने आलं की शुल्क लागतं. महागड्या वस्तूंचे सिरीयल नंबर हवेत. लग्नातल्या दागिन्यांचे फोटो आणि सोनाराचं मूल्यांकन जोडा. "सोन्याचा हार" एवढ्याने भागत नाही. एकच वस्तू १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर शुल्क.

तिखटजाळ
दवाखान्याचं लिहिते, भाजी गॅसवर आहे, चुका पोटात घाला.
कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात सरकारी उपचारांच्या हेल्थ कार्डासाठीची तीन महिन्यांची थांबाथांब २०२० पासून बंद आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र आलात तो महिना आणि पुढचे दोन महिने काढावे लागतात. तेवढ्यापुरता खाजगी विमा घ्याच. डॉक्टरला पैसे नाहीत, पण मोठ्या माणसांची औषधं, दात, चष्मा बहुतेक स्वतःच्या किंवा नोकरीच्या विम्यातून. खरी अडचण फॅमिली डॉक्टर मिळण्याची. ओन्टारिओत आल्या आल्या हेल्थ केअर कनेक्टवर (डॉक्टर शोधून देणारी सरकारी सेवा) नाव नोंदवा, तोवर वॉक-इन क्लिनिक आणि ८११ वर नर्स.
अमेरिकेत डॉक्टर लवकर भेटतो, मग बिल भेटतं.

बिलमोड्या
ते बिल आलं की लगेच भरू नका. कोडसकट तपशीलवार बिल मागा आणि विमा कंपनीच्या ईओबीशी (कंपनीने किती दिले, तुम्ही किती द्यायचे याचा तक्ता) ओळ न ओळ ताडून बघा. एकच तपासणी दोनदा लावलेली सापडते. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं, त्याचा अर्ज मागितल्याशिवाय कुणी हातात ठेवत नाही. पूर्वी रुग्णालय नेटवर्कमध्ये (विमा कंपनीशी करार असलेलं) पण भूल देणारा नेटवर्कबाहेर, असा घोळ व्हायचा. २०२२ पासून कायद्याने त्याला चाप बसला. पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्या कायद्यातून सुटली आहे! ओन्टारिओत गरज खरी असेल तर ४५ डॉलर, डॉक्टर म्हणाले गरज नव्हती तर २४०.

पिशवीतलं_दूध
कुणी दुधाबद्दल बोलेल का? ओन्टारिओत दूध पिशवीत मिळतं हो! ४ लिटर, तीन पिशव्यांत. अमेरिकेत बहुतेक प्लास्टिकचा कॅन नाहीतर खोका. मला वाटतं राहणीमान इथेच ठरतं :)

तिखटजाळ
कोपरा किती कापायचा ते सांगा आधी. जास्त कापला की कपाऐवजी ओट्यावर.

पिशवीतलं_दूध
करंगळीच्या नखाएवढा. आणि पलीकडच्या कोपऱ्याला हवेसाठी बारीक चीर.

गॅरेजकर
दूध बाजूला ठेवा, गाडी सांभाळा. टोरांटोच्या आसपास गाड्या उचलून मॉन्ट्रियल बंदरातून कंटेनरने बाहेर पाठवतात. पद्धत अशी : एकजण तुमच्या दारापाशी यंत्र घेऊन उभा राहतो, घरातल्या किल्लीचा सिग्नल पकडून गाडीपाशी उभ्या असलेल्याला पुढे देतो. काच फुटत नाही, आवाज नाही. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका. सिग्नल अडवणारी पिशवी मिळते, पण ती दर दोन-तीन महिन्यांनी तपासा : किल्ली आत टाकून गाडीच्या दाराशी उभे राहा, दार उघडलं तर पिशवी गेली. आतलं अस्तर घडीवर चिरतं. दुसरी पद्धत हेडलाइटमागच्या वायरींतून शिरण्याची, तिथे पिशवीचा काही उपयोग नाही. त्यासाठी स्टिअरिंगला जाड दांड्याचं कुलूप आणि जमलं तर वेगळा इमोबिलायझर (इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र). शिवाय ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाला जोडायची खाच) झाकणकुलूप.

पिशवीतलं_दूध
चकलीचा स्टीलचा डबा चालेल का?

गॅरेजकर
झाकण घट्ट असेल तर. चाचणी तीच.

दोनमुलांची
बंदुकीचा विषय कुणी काढला नाही अजून. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे. मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल तर सरळ विचारायचं : घरात बंदूक आहे का, गोळ्या काढून कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवता का. ॲलर्जीचं विचारतो त्याच दमात विचारलं की अवघड वाटत नाही. कॅनडात परवान्याआधी सुरक्षेचा कोर्स लागतो आणि ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री गोठवली आहे. शाळेत लॉकडाउनचा (धोका आला तर वर्ग बंद करून लपण्याचा) सराव मात्र ओन्टारिओतही होतो, तेव्हा "तिकडे ते नाहीच" असं मुलांना सांगू नका.

रांगेतला
अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांची झोप वेगळ्याच गोष्टीने उडते. नोकरी गेली की ६० दिवस, किंवा आय-९४ ची (राहण्याच्या मुदतीची नोंद) तारीख, जे आधी येईल ते. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग हलत नाही, आणि मूल २१ चं झालं की एच-४ (कुटुंबियांचा व्हिसा) मधून बाहेर. कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) मालकाला बांधलेला नाही. पण ५ वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं, नागरिकत्वासाठी ५ वर्षांत १,०९५. पगार अमेरिकेत जास्त हे खरं, फक्त तो मोजताना या ६० दिवसांची किंमत वजा करा.
शिवाय, कॅनडात गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे म्हणून सीमेवर त्याबद्दल थट्टा नको. नागरिक नसलेल्याला अमेरिकेत प्रवेश नाकारायला एक कबुली पुरते.

धुकेवाडी
आईवडिलांना आणायचं असेल तर? दोन्हीकडची तुलना कुणी केली आहे का?

औषधांची_वही
सुपर व्हिसावर (आईवडील, आजीआजोबांसाठीचा व्हिसा) कॅनडात एका वेळी ५ वर्षं राहता येतं, अमेरिकेत बी-२ (पर्यटक व्हिसा) वर साधारण ६ महिने. सुपर व्हिसाला किमान १,००,००० डॉलरचा वर्षभराचा विमा हवा. गोम "स्थिर आजार" या शब्दांत आहे. पॉलिसीत ९० किंवा १८० दिवस लिहिलेले असतात. त्या काळात रक्तदाबाची गोळी बदलली तर तो आजार अस्थिर धरतात आणि त्याच आजाराचा दावा नाकारतात. डोस कमी केला तरी बहुतेक पॉलिसींत तेच! त्यामुळे निघायच्या तोंडावर "एकदा सगळं तपासून गोळ्या नीट लावून घेऊ" हा उत्साह महागात पडतो. तपासणी सहा महिने आधी उरका. अमेरिकेच्या व्हिजिटर विम्यात "फिक्स्ड बेनिफिट" स्वस्त दिसतो, पण तो खोलीमागे, तपासणीमागे ठरावीकच रक्कम देतो. उरलेलं तुमच्या माथी.

तिखटजाळ
हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते. भाजी करपली, असो.

गॅरेजकर
क्यूबेककडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे. चिन्ह बघा : डोंगर आणि त्यात हिमकण. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं, बर्फ नसला तरी ब्रेक लांबतो. आणि चाकं बदलल्यावर साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

नवखा_पण_उत्सुक
मागचं सगळं वाचलं नाही, पण यादीत कुकरच्या शिट्ट्या वेगळ्या लिहायच्या का?

धुकेवाडी
नाही हो. "स्वयंपाकाची भांडी, वापरलेली" अशी एक ओळ, पुढे खोक्याचा क्रमांक आणि अंदाजे किंमत. क्रमांक खोक्याच्या दोन बाजूंना लिहा, ट्रकमध्ये एक बाजू भिंतीकडेच जाते.