मदत हवी आहे : नाशिकची वाईन सहल आणि घरचं मराठी जेवण, कुठली बाटली कशासोबत?

रविवारची_भाकरी

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत ठाण्याहून नाशिकला जायचं आहे. शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ, स्वतःची गाडी, चौघे जण. एक जण अजिबात पीत नाही. शनिवारी दुपारनंतर सापुताऱ्याला जाऊन मुक्काम करायचा असंही मनात आहे.

खरा उद्देश पुढच्या शनिवारचं घरचं जेवण. आठ माणसं, त्यातली सात वाईन घेणारी. बेत असा : तळलेले बोंबील, कोळंबीचं कालवण, मटण (सुकं, तांबडा, पांढरा), भाकरी, सोलकढी, शेवटी पुरणपोळी. दुकानातल्या नेहमीच्या दोन-तीन बाटल्यांपलीकडचं काहीतरी नवीन चाखून, तिथूनच घेऊन यायचं आहे.

मागे तांबड्या रश्श्यासोबत कॅबर्ने सोव्हिन्यो ही रेड वाईन उघडली तर तोंडाची आग झाली आणि वाईन कडूजहर लागली. बाटली खराब होती का? आणि किती बाटल्या आणाव्यात?

द्राक्षबागाईत

बाटली बहुधा ठीक होती, जोडी चुकली. कॅबर्नेत टॅनिन भरपूर. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या आखडतात ना, तोच तुरटपणा. तिखटाने पोळलेल्या जिभेला हा तुरटपणा आणखी बोचतो. त्यात १३-१४ टक्के अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, कारण तिखटाची आणि अल्कोहोलची जळजळ एकमेकींना वाढवतात. खराब बाटली वेगळी ओळखू येते : बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, उन्हाने भाजली असेल तर फळाचा वास मरून शिजवलेल्या मनुकांसारखा येतो आणि बूच किंचित वर सरकलेलं असतं.

आता सहल. २६ आणि ३० जानेवारी हे ड्राय डे, ते टाळा. आसपास कुठली निवडणूक असेल तर तेही बघून घ्या. फेब्रुवारीच बरा. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी असते. म्हणजे तेव्हा वेलीवर माल दिसतो आणि आत कामही चालू असतं. पावसाळ्यात बागा हिरव्यागार दिसतात, पण वेलीवर द्राक्षं नसतात.

शुक्रवारी गंगापूर धरणाची बाजू. सुला, यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या एकमेकांच्या जवळ आहेत, पण तिन्ही एका संध्याकाळी उरकू नका, दोन पुरे. शनिवारी सकाळी निफाडकडे रेव्हेलो. तिथे ग्रिलो आणि नेरो दाव्होला या सिसिलीच्या द्राक्षांच्या वाईन मिळतात, तुम्हाला 'नवीन' हवंय ते हेच. रविवारी परतीच्या वाटेवर इगतपुरीच्या अंगाला वालोने आणि ग्रोव्हर झाम्पा. आधी फोन करून वेळ घ्या, नाहीतर दारातून परत यावं लागतं.

जो पीत नाही त्याच्याकडेच किल्ली द्या, म्हणजे प्रश्न मिटला. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम इतकी कमी आहे, 'नुसतं चाखलं' हे तिथे चालत नाही.

मिसळवाला_नाशिककर

सापुतारा गुजरातमध्ये आहे! तिथे दारूबंदी. डिकीत वाईनच्या बाटल्या ठेवून सीमा ओलांडायची नाही, बिल असलं तरी. सापुतारा करायचाच तर खरेदी रविवारसाठी ठेवा.

तसंही खरेदी शेवटीच करावी. फेब्रुवारीतल्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत आत बसवत नाही, तिथे वाईन चार तासांत शिजते. थर्माकोलचा झाकणाचा खोका घ्या, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आडव्या भरा आणि सीटखाली सावलीत ठेवा.

आणि हो, चाखायला जायच्या आधी मिसळ खाऊ नका. नाशिकला येऊन हे सांगणं जिवावर येतं, पण तर्रीनंतर बराच वेळ जीभ कामाची नसते. मिसळ त्या दिवशीचं चाखणं आटोपल्यावर. पान, पेपरमिंट, अत्तर हेही त्याच यादीत.

तुरटगोड

चाखण्याबद्दल. प्रत्येक पेल्यात साधारण ३० ते ५० मिली मिळते. सहा प्रकार पूर्ण प्यायलात तर दोन मोठे पेले पोटात गेले, पुढचं काही कळत नाही. थुंकायचं भांडं मागून घ्या, त्यात लाज नाही. क्रम : फसफसणारी, कोरडी (म्हणजे गोड नसलेली) व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, गोड शेवटी. उलटं केलंत तर गोडीनंतर कोरडी वाईन निव्वळ आंबट लागते.

वहीत 'छान', 'बरी' असं लिहू नका, आठवड्याने त्याचा उपयोग शून्य. चारच गोष्टी लिहा : आंबट किती, गोड किती, तुरट किती, घोट गिळल्यावर घशाशी गरम किती. जमल्यास खिशातून दोन चिमटी शेंगदाण्याची लसूणचटणी न्या. वाईनचा एक घोट नुसता, मग चटणी, मग पुन्हा घोट. घरच्या जेवणाशी जमेल की नाही ते तिथेच कळतं. आजूबाजूचे बघतील, बघू द्या.

लेबलावर वर्ष बघा. सोव्हिन्यो ब्लाँक ही व्हाइट आणि रोझे ताज्याच चांगल्या, दोन वर्षांपेक्षा जुनी बाटली सवलतीत मिळत असेल तर ती सवलत का आहे ते ओळखा.

आता तुमचा बेत. बोंबील रव्यात तळलेले कुरकुरीत, त्यांना ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी कोरडी वाईन. आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात. 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली घेऊ नका, नावाच्या उलट ती ब्रूटपेक्षा गोड असते (ब्रूट लिटरला १२ ग्रॅम साखरेपर्यंत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७). पण ही वाईन बोंबलांपुरतीच, तिखटावर बुडबुडे आणखी झोंबतात.

कालवण आणि तांबडा या दोन्हींना किंचित गोडसर शेनिन ब्लाँक ही व्हाइट, थंडगार. साखर तिखटाला आवरते. पांढऱ्या रश्श्याला व्हियोन्ये ही दुसरी व्हाइट, नारळाच्या दुधाच्या आणि काजूच्या जाडीला तिचं अंग पुरतं. वालोनेची चाखून बघा.

द्राक्षबागाईत

बाकी सगळं मान्य, पण मटणावर रेड अजिबात नाही का? सुक्या मटणाला सांजोवेसे चालेल. अकलूजच्या फ्रातेली वायनरीची मिळते. कॅबर्नेइतकी तुरट नसते, आंबटपणा चांगला.

तुरटगोड

सुक्याला चालेल, मसाला हात राखून असेल तर. तांबड्याला नाही, यावर मी ठाम. आणि रेड द्यायची तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. 'रेड रूम टेंपरेचरला' हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा, तिथे खोली म्हणजे १६-१८ अंश. ठाण्यातल्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोलच नाकात जातो.

रेड मासळीपासून मात्र लांब ठेवा. रेडमधल्या लोहामुळे मासळीच्या तेलकटपणाला कच्च्या मासळीसारखा हिमसा वास सुटतो आणि मागे धातूची चव राहते. बांगड्याला सगळ्यात जास्त.

पाटावरवंटा

सोलकढीचं कोणी बोललं नाही. पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन पाण्यासारखी लागते. कोकमासमोर तर कुठलीच टिकत नाही. सोलकढी मटण आटोपल्यावर, पुरणपोळीच्या आधी द्या. मधला पडदा म्हणून छान बसते.

पुरणपोळीला लेट हार्वेस्ट (द्राक्षं उशिरा तोडून केलेली गोड) शेनिन ब्लाँक. वाईन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती लिंबूपाण्यासारखी लागते. म्हणून त्या दिवशी गूळ नेहमीपेक्षा थोडा कमी, वर तूप सढळ आणि गुळवणी बाजूला. जायफळ मात्र हवंच, या वाईनच्या मधाळ वासाशी ते फार सुरेख जमतं.

हिशेब : फक्त चवीपुरतं ७५ मिली ओतलंत तर ७५० मिलीच्या बाटलीत दहा वाटण्या होतात. सात जणांत मिळून ब्रूट, व्हियोन्ये आणि सांजोवेसे यांची एकेक बाटली पुरे. शेनिन दोन पदार्थांना आहे, म्हणून दोन बाटल्या. लेट हार्वेस्टची ३७५ मिलीची छोटी बाटली मिळते, ५० मिलीने बरोबर सात पेले.

रविवारची_भाकरी

सगळ्यांचे आभार. सापुतारा रद्द. अजून एक : फ्रिज लहान आहे, स्वयंपाकाच्या दिवशी तो भरलेला असतो. ब्रूट ऐन वेळी फ्रीझरमध्ये टाकली तर चालेल का? आणि उघडताना उडते ती कशी आवरायची?

द्राक्षबागाईत

फ्रीझर नको. विसरलात तर बाटली फुटते, आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, दोन मुठी जाडं मीठ, बाटली मानेपर्यंत बुडालेली. वीस-पंचवीस मिनिटांत ६-८ अंशांवर येते. नुसत्या बर्फात फार वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधल्या हवेतून थंडी पोचत नाही. उरलेल्या व्हाइट त्याच बादलीत पाळीपाळीने.

उडते ती बहुतेक वेळा गरम किंवा हिंदकळलेली असते म्हणून. बादलीतून काढून पुसा, बुचावर अंगठा दाबूनच तारेचा पीळ सहा अर्धे वेढे सोडवा, तार काढू नका. नॅपकिन टाकून बूच घट्ट धरा, बाटली तिरपी करा आणि बूच न फिरवता बाटली तळाकडून फिरवा. बूच वर येऊ लागलं की त्याला ढकलून अडवत हळूहळू सोडा. 'फट्' न होता 'फुस्स' झालं म्हणजे जमलं. तोंड माणसांकडे नको, ट्यूबलाइटकडेही नको.

पाटावरवंटा

बोंबील कढईत सोडल्यावरच बूच काढा. उघडून ठेवून बोंबलांची वाट बघत बसलात तर बुडबुडे जातात आणि बोंबील गार झाले तर तेही मऊ पडतात.