मसालेदार सुकामेवा मफिन्स: सगळा मेवा तळाला जाऊन बसतो, काय चुकतंय?

पिठाळलेली:
लोकहो, तीन रविवार झाले, तीन घाणे झाले आणि तिन्ही वेळा रडगाणं तेच. वरून बघितलं तर मफिन बरे दिसतात, म्हणजे छान गोल घुमट नाही, टोक येतं, ज्वालामुखीसारखं, पण उभा चिरला की वरचा पाऊण भाग नुसता कोरा केक आणि खाली बेदाणे, जर्दाळू, अंजिराचा एक चिकट थर कागदाला धरून बसलेला. कागद सोलला की निम्मा मेवा कागदाबरोबर जातो आणि मग मी तो चमच्याने खरवडून खाते, चव चांगली आहे म्हणून. आतून बोगदे पण दिसतात, पेन्सिल जाईल एवढे, खालून वर गेलेले. आणि चावायला चामट. घरातले खातात बिचारे, पण दुसरा कोणी मागत नाही यात सगळं आलं.

प्रमाण सांगते. २ कप मैदा, पाऊण कप ब्राउन शुगर, २ अंडी, अर्धा कप तेल, १ कप दूध, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, १ चमचा दालचिनी पावडर, थोडी सुंठ, थोडं जायफळ. मेवा साधारण २०० ग्रॅम, रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवलेला, आणि अर्धा कप अक्रोड तसेच कच्चे तुकडे करून. ओव्हन १७० ला, ३५ मिनिटं.

अजून एक, मसाला जाणवतच नाही. भाजताना घरभर घमघमाट आणि खाताना काहीच नाही, हे कसं काय?

चमचाभर साखर:
अगं सोप्पंय, मेव्याला चमचाभर कोरडा मैदा चोळून घे आणि मग घाल, अजिबात खाली बसत नाही. मी कायम तसंच करते.

भट्टीवाला:
दोन प्रश्न आधी. एक, भिजवलेल्या मेव्याचा रस निथळून काढता की तसाच ओतता? दोन, मिश्रण कशाने एकत्र करता, चमच्याने की इलेक्ट्रिक बीटरने?

पिठाळलेली:
@भट्टीवाला रस फुकट कशाला घालवायचा म्हणून सगळा ओतते, असेल पाव कपभर, जास्तच. आणि हो, बीटरने, दोनेक मिनिटं, एकही गुठळी राहू नये म्हणून. @चमचाभर मैदा चोळून पण झालं एकदा, फरक पडला नाही, फक्त कागदाला चिकटलेल्या थराला पीठ लागलं.

भट्टीवाला:
मग निदान झालं. दोन्ही आजार वेगवेगळे आहेत, पण मूळ तुमच्या वाडग्यातच आहे.

मेवा बुडतो कारण मिश्रण पातळ आहे. १ कप दूध, वर अर्धा कप तेल, २ अंडी आणि वर तो पाव कप रस, एवढ्या ओल्याला २ कप मैदा पुरत नाही. मफिनचं मिश्रण चमच्यातून धारेने पडता कामा नये, चमचा उलटा केला की क्षणभर लटकून मग गोळ्याने थप्पकन पडलं पाहिजे. तसं घट्ट असेल तर बेदाणा जिथे ठेवाल तिथे राहतो, कारण मिश्रण गरम होऊन पातळ व्हायला लागतं आणि मग सेट होतं त्या मधल्या काही मिनिटांतच तो खाली जातो, नंतर जायला वाव नसतो. पातळ असेल तर मग मैदा चोळा नाहीतर काहीही चोळा. मी एकदा एकाच ट्रेमध्ये सहा मफिन मैदा चोळलेल्या मेव्याचे आणि सहा बिनचोळलेल्याचे लावले होते, मिश्रण तेच, कापल्यावर कुठला कुठला ते मलाच ओळखता आलं नाही. चमचाभर ताईंचं मिश्रण मुळात घट्ट असणार, श्रेय मैद्याला मिळतंय.

बोगदे, टोक आणि चामटपणा हा बीटरचा प्रताप. मैद्यात पाणी मिळून जितकं घोटाल तितकं ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचं, जाळं ताणून घट्ट होतं, मग बेकिंग पावडरचा गॅस सगळीकडे पसरून जाळी पाडायच्या ऐवजी वाट सापडेल तिथून वर पळतो, तेच तुमचे पेन्सिलचे बोगदे. केकला लोणी-साखर फेटायची असते त्यात हवा भरायला, मफिनची पद्धतच निराळी. कोरडं सगळं एका भांड्यात, ओलं सगळं दुसऱ्यात, ओलं कोरड्यात ओतायचं आणि लाकडी चमच्याने नाहीतर स्पॅट्युलाने तळापासून वर उचलून दहा-बारा वेळा फिरवायचं, बास. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, भाजताना जातात. मैद्याचे एक-दोन कोरडे ओघळ दिसत असतानाच मेवा घाला, मेवा मिसळेपर्यंत तेही मिसळतात, नाहीतर मेव्यासाठी परत जास्तीचं ढवळणं होतं.

जायफळ:
मसाल्याबद्दल मी बोलते, माझा विषय आहे. (नाव बघा.)

घमघमाट येतो म्हणजे वास उडून जातोय, मफिनमध्ये राहत नाहीये, असं समज. मसाल्याचा वास तेलातुपात विरघळतो, कोरड्या मैद्यात टाकलास तर तो तिथेच दबून बसतो. लोणी वितळव किंवा तुझं तेल कोमट कर, गॅस बंद कर आणि मग त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ सगळं टाकून पाच-दहा मिनिटं झाकून ठेव. गॅस चालू असताना नको, पावडर करपायला अर्धं मिनिट पुरतं आणि करपलेली दालचिनी कडू लागते. दालचिनी २ कप मैद्याला दीड ते दोन चमचे, सुंठ अर्धा, वेलची अर्धा, जायफळ पाव आणि तेही आत्ता किसून, डबीतलं महिनोन्महिने पडलेलं जायफळ म्हणजे लाकडाचा भुसा. लवंग मात्र चिमूटभरच हं, दुसरी चिमूट घालायचा मोह झाला तरी नाही. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधीर करतं, मी एकदा उत्साहात अर्धा चमचा घातली होती, दाताच्या दवाखान्यातून आल्यासारखं वाटत होतं सगळ्यांना.

आणि मीठ! चिमूटभर काय, अर्धा चमचा घाल. मीठ कमी म्हणून पण मसाला बसका लागतो. संत्र्याची साल किसून घाल, फक्त केशरी, पांढरं आलं की कडू.

अर्धवट भाजलेला:
अक्रोड कच्चे घालू नका कोणीही, ही माझी हात जोडून विनंती. ट्रेवर पसरून १७० ला आठ-दहा मिनिटं, मधे एकदा हलवायचे, सुवास आला की काढायचे, कारण गरम ट्रेवर ते पुढेही भाजत राहतात. गार करून मग मोठे तुकडे. कच्चे अक्रोड आत ओलसर होतात आणि खाताना मऊ रबरासारखे लागतात, भाजलेले दोन दिवस तरी कुरकुरीत राहतात. मूठभर वरून पण लावायचे, ते कुठे बुडणार :)

माझा एक किस्सा. मी एकदा अक्रोडाऐवजी सूर्यफुलाच्या बिया घातल्या आणि सोडा जरा सढळ हाताने पडला. दुसऱ्या दिवशी मफिन कापला तर आत प्रत्येक बी भोवती हिरवा ठिपका, एकदम शेवाळासारखा. बुरशी समजून सगळा घाणा फेकून दिला. नंतर कळलं की बियांमध्ये क्लोरोजेनिक ॲसिड असतं, सोड्याच्या अल्कलीमुळे ते हिरवं पडतं, खायला काही अपाय नव्हता. बारा मफिन गेले. अजून वाईट वाटतं.

चमचाभर साखर:
ठीक आहे ठीक आहे, मैद्याचं श्रेय काढून घेतलं माझं 😀 पण मग भिजवायचंच कशाला? कोरडाच घालायचा ना मेवा, रसाची भानगडच नको.

भट्टीवाला:
कोरडा घातला तर तो मिश्रणातलं पाणी ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी मफिन भुसभुशीत कोरडा होतो, शिवाय वर आलेले बेदाणे जळून कडक कोळसा होतात. भिजवायचं, पण रात्रभर कशाला, गरम रसात नाहीतर कोऱ्या चहात अर्धा तास भरपूर झाला. मग चाळणीत निथळून, पेपर टॉवेलवर पसरून, वरून दुसरा टॉवेल ठेवून हाताने दाबायचं. हाताला ओल लागत नाही इतपत. जर्दाळू अंजीर बेदाण्याएवढेच कापा, मोठा तुकडा जड. आणि निथळलेला रस टाकायचा जीव होत नसेल तर तो मोजा आणि तेवढंच दूध कमी करा, ताई. रस आंबट असतो, म्हणून त्याला पाव चमचा सोडा घाला, बेकिंग पावडर मात्र २ चमचे करा, दीड कमी पडते. इथे चमचा म्हणजे मापाचा छोटा चमचा, ५ मिलीचा, चहा ढवळायचा नाही.

आणि कप! कप डब्यात खुपसून मैदा भरला तर १४०-१५० ग्रॅम जातो, चमच्याने अलगद भरून वरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५. वजनकाटा घ्या आणि २ कपांना २५० ग्रॅम धरा. दूध पाऊण कपावर आणा, रस त्यातच धरायचा.

जायफळ:
ओव्हनचं कोणी बोललंच नाही. १७० ला ३५ मिनिटं म्हणजे मफिन भाजत नाहीस, वाळवतेस. २१० ला नीट तापव, मफिन आत टाक, पाच-सहा मिनिटांनी दार न उघडता १८० कर, पुढे बारा ते पंधरा मिनिटं. सुरुवातीच्या आचेने कडा पटकन उभ्या राहतात आणि मधला भाग फुगून घुमट होतो. फॅनचा ओव्हन असेल तर सगळीकडे २० कमी धर. टूथपिक घालताना मध्यभागी घाल आणि दोन ठिकाणी, कारण बेदाण्यात गेली तर ती चिकटच निघते आणि आपण उगाच अजून पाच मिनिटं ठेवतो. काढल्यावर ट्रेमध्ये पाच मिनिटं, मग लगेच जाळीवर, नाहीतर वाफ खाली धरते आणि कागद ओला होतो.

निवांत:
अंड्याशिवाय होतील का हे?

जायफळ:
@निवांत होतात. एका अंड्याला पाव कप घट्ट दही, आणि दही आलं की सोडा पाव चमचा. जवसाची पूड पण चालते, १ मोठा चमचा पूड आणि ३ मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं भिजू दे, चिकट होईल. फक्त रंग जरा गडद येतो आणि फुगायला अंड्याएवढे फुगत नाहीत.

पिठाळलेली:
आज केले. बीटर कपाटात ठेवला, रस निथळला (पाव कप नाही, जवळजवळ अर्धा कप निघाला, लाज वाटली), मैदा मोजून २५० ग्रॅम. माझा पूर्वीचा कप १४८ ग्रॅमचा भरत होता, म्हणजे मैदा जास्त असूनसुद्धा पातळ, एवढं पाणी मी ओतत होते. ढवळताना बाराव्या फेऱ्याला हात थांबवणं फार अवघड गेलं, गुठळ्या दिसत होत्या आणि जीव तुटत होता. पण चमचा उलटा केला तर खरंच लटकून थप्पकन पडलं.

कापला. बेदाणा वर, बेदाणा मधे, एक जर्दाळू अगदी घुमटात. बोगदे नाहीत, बारीक जाळी आहे. लवंग एकच चिमूट घातली, @जायफळ, शपथ. दालचिनी यावेळी पहिल्या घासालाच आली.

एकच शंका, मागच्या उजव्या कोपऱ्यातले दोन जास्त काळे झाले आणि पुढचे फिकट. आणि उरलेले फ्रीजमध्ये ठेवू का?

भट्टीवाला:
ओव्हनचा तो कोपरा जास्त तापतोय, साधारण बाराव्या मिनिटाला ट्रे फिरवून लावा, त्याआधी नको, घुमट बसतो. फ्रीजमध्ये नको, तिथे केक-ब्रेड लवकर शिळे होतात. दोन दिवसांचे डब्यात, खाली पेपर नॅपकिन घालून. बाकीचे एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये, दोन महिने आरामात.

पिठाळलेली:
फ्रीझरपर्यंत जायला उरलेच नाहीत, बाराच्या बारा संपले. काळे दोन मी खाल्ले.