एका पायावर उभं राहून ८६८ होमरन? सादाहारू ओह बद्दल माहिती पाहिजे

खानापूर_ओपनर
नमस्कार मंडळी. माझा भाचा नववीत आहे, डावखुरा, टेनिस बॉलवर लेग साइडला लई लांब मारतो. मोबाइलवर ह्या जपानी बेसबॉलवाल्याचे व्हिडिओ बघितले आणि तेव्हापासून बॉलरनं रनअप घेतला की हा पुढचा पाय उचलून बगळ्यासारखा उभा. बॉल स्टंपात जातोय तरी पाय खाली नाही. कोच वैतागलेत, पोरगं ऐकंना झालंय. ८६८ होमरन (म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्ससारखा) खरं काय? आणि एवढा मारणारा माणूस आधी पिचर (बेसबॉलचा बॉलर) होता म्हणायलेत, मग फर्स्ट बेसवर (बॅटर पळून पहिल्यांदा जिथं पोचतो तिथला फिल्डर) कसा गेला? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा की.

शहापूरचा_डावरा
खरं आहे दादा. १९५९ ते १९८०, सगळे योमिउरी जायंट्स ह्या जपानी टीमकडून. माझा सगळ्यात आवडता खेळाडू, त्यामुळं थोडं लांबेल.
१९५७ ला त्याच्या शाळेनं कोशिएनची स्प्रिंग स्पर्धा (जपानातली शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा) जिंकली, पिचर हाच, बोटाला फोड येऊन फुटलेले तरी बॉल टाकत राहिला. आणि त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला खेळू दिलं नाही, का तर वडील चिनी, जन्म टोकियोचा असला तरी जपानी नागरिकत्व नाही. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ह्यात काय लागतं ते वेगळं सांगायला नको.
जायंट्सनं पिचर म्हणून घेतलं, पण बॅटिंग बघून फर्स्ट बेसवर उभं केलं. डावखुऱ्याला ती जागा सोयीची, ग्लोव्ह उजव्या हातात असतो आणि तिथनं दुसऱ्या बेसकडं फेकायला अंग वळवावं लागत नाही. पहिल्या सीझनला सरासरी .१६१ (म्हणजे हजार संधीत १६१ हिट) आणि होमरन फक्त ७. मग १७, मग १३. आणि १९६२ ला पाय उचलायला लागला तो एकदम ३८! पुढं १९७४ पर्यंत दरवर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त होमरन ह्याचेच.

कॅम्पातला_कोच
पाय उचलला म्हणून होमरन झाले असं पोरांना वाटतं, तिथंच घोळ होतो. बॉल यायच्या आधीच ओहचे हात हलायचे आणि बॅट उशिरा यायची. हिरोशी अराकावा ह्या कोचनं पाय उचलायला लावला तो वजन मागच्या पायावर थांबावं आणि हातांनी घाई करू नये म्हणून. त्याच्या जोडीला छताला कागदाची पट्टी टांगून खऱ्या तलवारीनं ती कापायची. करून बघा, पट्टी हलकी असते, नुसता जोर लावला की ती बाजूला उडते, कापली जात नाही. धार बरोबर कोनात आली आणि मनगट शेवटच्या क्षणाला फिरलं तरच दोन तुकडे. हे रात्र रात्र केलंय त्यानं. व्हिडिओत ते दिसत नाही, पाय तेवढा दिसतो.
आणि बेसबॉलचा बॉल टप्पा पडून येत नाही हो, त्यामुळं पुढं जाऊ का मागं हा प्रश्नच नाही. आपल्याकडं लेंथ बघून पाय हलवायचा असतो, तो हवेत असला तर यॉर्करला काय करणार?

निपाणी_९०
पण त्यांची मैदानं अमेरिकेपेक्षा लहान होती, हेही सांगा की. १९७७ ला ७५६ वा मारून अमेरिकेचा विक्रमवीर हँक आरनच्या पुढं गेला म्हणतात, ती तुलना मला तरी पटत नाही.

शहापूरचा_डावरा
मैदानं लहान होती, मान्य. पण सीझनही १३०-१४० मॅचचाच, अमेरिकेत १६२. १९६४ ला १४० मॅचमध्ये ५५ मारले, तो आकडा जपानात थेट २०१३ ला बॅलेंटिननं ६० मारून ओलांडला. त्याच १९६४ ला हिरोशिमाच्या टीमनं जवळजवळ सगळे फिल्डर उजव्या बाजूला नेऊन लावले, गडी तरी तिकडंच मारायचा, डोक्यावरनं. मला ८६८ पेक्षा दुसरा आकडा मोठा वाटतो, २३९० वॉक (पिचरनं चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट फर्स्ट बेस मिळतो, तो वॉक). पिचर घाबरून बाहेर टाकायचे आणि हा सोडून द्यायचा. एवढी ताकद असलेला माणूस खराब बॉलला बॅट लावत नाही, बघा.

खानापूर_ओपनर
सगळ्यांचे आभार. भाच्याला आत्ताच वाचून दाखवलं, कागद टांगतो म्हणायलाय.

कॅम्पातला_कोच
कागद आणि तलवार नको. जुन्या सॉक्समध्ये बॉल घालून कमरेच्या उंचीवर टांगा, दोन्ही पाय जमिनीवर, सरळ बॅटनं हळू मारायला लावा. बॉल गोल फिरायला लागला की बॅट आडवी आली समजायचं. महिनाभरानं मैदानावर घेऊन या, मी बघतो.