शब्दचर्चा : ‘रक्त बदलवणे’, ‘पोटातले पाणी काढणे’ आणि अपोहन

प्रश्न : आमच्या आजीचे वय ८६ आहे. किडन्या निकामी झाल्याने डॉक्टरांनी ‘मशीनचे किंवा पोटाचे’ डायलिसिस सुचवले आहे. तेव्हापासून गावात (एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली) ‘बुढीचे रक्त बदलवणार’, ‘पोटातले पाणी काढणार’ असे बोलले जाते. हे शब्दप्रयोग बरोबर आहेत का? लेखी मराठीत काय म्हणावे?

उत्तर : लेखी मराठीत डायलिसिसला ‘अपोहन’ म्हणतात. ‘अप’ उपसर्ग आणि ‘ऊह्’ धातू मिळून त्याचा अर्थ दूर सारणे असा होतो. गीतेचा पंधरावा अध्याय आपल्याकडे अनेक घरांत पाठ असतो. त्यातील ‘मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च’ या चरणातला शब्द हाच आहे. तिथे स्मृती आणि ज्ञान दूर होणे अभिप्रेत आहे, इथे रक्तातील युरिया, पोटॅशियम आणि साचलेले पाणी. शब्द चपखल आहे, तरी आजींशी बोलताना ‘डायलिसिस’च म्हणावे, कारण दवाखान्यात त्यांच्या कानावर तोच शब्द पडणार आहे.

‘रक्त बदलवणे’ हा प्रयोग मात्र सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी डायलिसिस विभागात काम करतो. हा शब्द ऐकून नातेवाईक रक्तदाते गोळा करू लागतात आणि म्हातारी माणसे ‘दुसऱ्याचे रक्त नको’ म्हणून घाबरतात. प्रत्यक्षात मशीनच्या डायलिसिसमध्ये रुग्णाचेच रक्त नळीतून गाळणीत जाते आणि स्वच्छ होऊन परत येते. त्यामुळे ‘रक्त धुणे’ हा बोलीतला प्रयोग पुष्कळच बरा. हे काम सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालते. दोन दिवसांचे साचलेले पाणी चार तासांत निघत असल्याने अतिवृद्धांचा रक्तदाब मध्येच उतरतो आणि घरी आल्यावरही अंगातला थकवा लवकर जात नाही. त्यात एटापल्लीकडून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा प्रवास मिळवला, तर आठवड्यातले तीन दिवस आजींच्या हातून गेलेच, असे समजावे.

‘पोटातले पाणी काढणे’ हा घोटाळा अधिक वाईट आहे. यकृताच्या आजारात पोट फुगले म्हणजे सुई घालून पाणी काढतात; तो उपचार वेगळा आहे. पोटाच्या डायलिसिसमध्ये पाणी आधी आत सोडतात. साखर मिसळलेले सुमारे दोन लिटर द्रावण नळीने पोटात भरले, की आतड्यांभोवतीचा पडदाच गाळणीचे काम करतो आणि काही तासांनी ते द्रावण बाहेर काढून नवे भरतात. दिवसातून तीन-चार वेळा हे घरीच करायचे असते. म्हणून ‘पोटात पाणी भरून काढणे’ असे पूर्ण म्हणावे. रक्तदाबाला एकदम धक्का बसत नाही आणि प्रवास टळतो, हे याचे मोठे गुण आहेत. पण द्रावणातील साखर रक्तात उतरते, हे मधुमेह असल्यास ध्यानात ठेवावे लागते, आणि आजींचे हात कापत असतील किंवा नजर कमी असेल, तर हे काम सून, मुलगा किंवा नात यांच्यापैकी कोणाला तरी रोज, हात साबणाने धुऊन, करावे लागते. फ्रान्समध्ये वृद्धांसाठी परिचारिका घरी येऊन हे करतात. निघालेल्या द्रावणाची पिशवी उजेडात धरून पलीकडचा छापील मजकूर वाचता आला पाहिजे. तो धूसर दिसला, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसऱ्या मार्गाला आपल्या बोलण्यात नावच नाही. डायलिसिस नको असे ठरले, की लोक ‘दवाखान्याने घरी पाठवले’ म्हणतात, आणि त्यातून उपचार संपले असा अर्थ निघतो. खाज, धाप, सूज, मळमळ यांवर औषधे चालूच राहतात. म्हणून ‘डायलिसिसविना उपचार’ हा शब्द रूढ व्हावा, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेत परावलंबी वृद्धांना सांभाळणाऱ्या निवासी शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू केल्यानंतर वर्षभरात त्यांपैकी ५८ टक्के दगावले, आणि आधीइतकी हालचाल व स्वावलंबन फक्त १३ टक्क्यांचे टिकले. ते रुग्ण आधीच परावलंबी होते, त्यामुळे हे आकडे हिंडत्याफिरत्या आजींना जसेच्या तसे लावू नयेत. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल ठरवताना ते डोळ्यांसमोर असावेत.

पुन्हा प्रश्न : ‘नळी टाकली’ आणि ‘फिस्टुला केला’ यांत फरक काय?

उत्तर : फिस्टुला म्हणजे मशीनच्या डायलिसिससाठी रक्त घेता यावे म्हणून हातातील धमनी शिरेला जोडणे. त्यावर बोट ठेवले, तर सतत थरथर लागते. त्या हाताने ओझे उचलू नये आणि त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये. तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे लागतात, आणि वृद्धांच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्यांत तो पुष्कळदा नीट तयारच होत नाही; मग मानेतून नळी टाकतात. पोटाच्या डायलिसिसलाही नळीच असते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना सांगताना नुसते ‘नळी’ न म्हणता ‘मानेची नळी’ किंवा ‘पोटाची नळी’ असे स्पष्ट सांगावे.