सिरिंगोमायसिनने प्रोटॉन पंप बंद पडायला हवा ना? माझ्या बीटच्या मेंब्रेनवर उलटंच दिसतंय

देठ_आणि_पान

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेय म्हणून विचारतेय. स्यूडोमोनास सिरिंगी या बॅक्टेरियाचं सिरिंगोमायसिन हे टॉक्सिन वनस्पतीपेशीच्या प्लाझ्मा मेंब्रेनमधल्या (पेशीच्या बाहेरच्या पटलातल्या) प्रोटीन्सचं काय करतं हा विषय आहे. माझ्या डोक्यात इतके दिवस एवढंच होतं की हे मेंब्रेनला भोकं पाडतं, पेशी गळते आणि मरते.

बीटच्या चकत्यांवर तसंच दिसलं. पातळ चकत्या कापून पाणी एकदम नितळ होईपर्यंत धुतल्या (कापलेल्या पेशींचा रंग निघून जायलाच खूप वेळ गेला), मग टॉक्सिन घातलं तर थोड्या वेळाने चकतीच्या कडेने गुलाबी धागे सुटायला लागले आणि नंतर सगळं पाणीच लाल. इथवर ठीक. पण त्याच बीटपासून प्लाझ्मा मेंब्रेनचे व्हेसिकल (मेंब्रेनचे बारीक बंद फुगे) काढून प्रोटॉन पंपाची म्हणजे एच प्लस एटीपेजची (एटीपी हे पेशीचं इंधन फोडून प्रोटॉन बाहेर ढकलणारं प्रोटीन, एटीपी फुटलं की फॉस्फेट सुटतं) अ‍ॅक्टिव्हिटी मोजली तर टॉक्सिनवाल्या नळ्या कंट्रोलपेक्षा जास्त निळ्या, म्हणजे फॉस्फेट जास्त सुटतंय, म्हणजे पंप जास्त जोरात चालतोय. तीनदा केलं, तीनदा तेच. पेशी मारणारं टॉक्सिन पंप चालू कशाला करेल? माझी चूक आहे का खरंच असं होतं?

मूळरोम

चूक वाटत नाही, असं दिसतं हे जुनं निरीक्षण आहे. १९८७ मध्ये लाल बीटच्याच प्लाझ्मा मेंब्रेनवर दाखवलं गेलं होतं की सिरिंगोमायसिन दिल्यावर मेंब्रेनमधल्या बऱ्याच प्रोटीन्सवर फॉस्फेट चढतं आणि ते काम मेंब्रेनमधलेच कायनेज करतात. म्हणजे हे टॉक्सिन नुसतं भोक पाडून गप्प बसत नाही, आतल्या प्रोटीन्सची बटणं पण दाबली जातात, हा विचार तिथून पुढे आला.

पण माझ्या मते आधी भोकाचाच हिशोब नीट लावा. सिरिंगोमायसिनचा रेणू म्हणजे नऊ अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला फॅटी अ‍ॅसिडची शेपटी, ती शेपटी मेंब्रेनमध्ये रुतते आणि असे अनेक रेणू जमून आयन जाण्याइतकं छिद्र तयार होतं. आता वनस्पतीपेशी आतून साधारण उणे १२० ते उणे २०० मिलिव्होल्टवर असते, आणि हा व्होल्टेज तोच पंप एटीपी जाळून टिकवतो. बाहेर प्रोटॉन ढकलायचा म्हणजे त्याला या व्होल्टेजच्या विरुद्ध जोर लावावा लागतो. छिद्र पडलं की पोटॅशियम बाहेर, प्रोटॉन आणि कॅल्शियम आत, व्होल्टेज कोसळतो, आणि मग पंपासमोर अडवायला काही उरतच नाही म्हणून तो मोकाट सुटतो. तळाला भोक पडलेल्या टाकीत मोटर चालू ठेवल्यासारखं, मोटर जोरात फिरतेय, वीज जळतेय आणि टाकी काही भरत नाही. तेव्हा जास्त एटीपी फुटतंय याचा अर्थ पंपाचं भलं झालं असा नाही, पेशीचा पैसा पाण्यात जातोय.

आणि कॅल्शियम विसरू नका. पेशीरसात ते १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं आणि बाहेर मिलिमोलरच्या घरात, म्हणजे हजारो पटींचा फरक. चिमूटभर जरी आत आलं तरी कॅल्शियमवर चालणारे कायनेज जागे होतात. जिवंत पेशीत प्रोटीन्सवर फॉस्फेट चढण्याचा एक सरळ रस्ता हा आहे, त्यासाठी टॉक्सिनने कायनेजला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

अंकुर_०७

पंप कायमचा चालू करून ठेवणारं बॅक्टेरियाचं टॉक्सिन म्हणजे फ्युसिकॉक्सिन ना? त्याने पानावरची रंध्रं उघडीच राहतात आणि पान सुकतं असं वाचलेलं.

मूळरोम

परिणाम बरोबर सांगितलात पण फ्युसिकॉक्सिन बुरशीचं आहे, बॅक्टेरियाचं नाही. आणि त्याची पद्धतही पूर्ण वेगळी, ते भोक पाडत नाही. पंपाच्या शेपटाकडचा भाग एरवी पंपाला ब्रेक लावून बसतो, त्या शेपटातल्या शेवटून दुसऱ्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढलं की चौदा-तीन-तीन नावाचं प्रोटीन येऊन चिकटतं आणि ब्रेक सुटतो, फ्युसिकॉक्सिन त्या दोघांच्या सांध्यात पाचर मारतं मग ते सुटतच नाहीत.

काचपट्टी

अगं, व्हेसिकल कसे काढलेस ते लिहिलंच नाहीस आणि सगळी गोम तिथेच आहे. डेक्स्ट्रान आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या दोन थरांच्या पद्धतीने काढले असतील तर बहुतेक व्हेसिकल सुलटे असतात, म्हणजे पेशीची बाहेरची बाजू बाहेरच. पंपाचं एटीपी फोडणारं डोकं पेशीरसाच्या बाजूला असतं, म्हणजे तुझ्या व्हेसिकलमध्ये ते आत कोंडलेलं. तू एटीपी बाहेर घालतेस, ते आत जाऊ शकत नाही, त्यामुळे कंट्रोल नळीत निम्म्याहून जास्त पंप असूनही दिसत नाहीत. आता टॉक्सिनने व्हेसिकल फाडलं की एटीपी आत शिरतं आणि झाकलेले पंप एकदम मोजणीत येतात. आकडा वाढला, पण एकही पंप जास्त जोरात चाललेला नाही! मी स्वतः पीएचडीच्या पहिल्या वर्षी अशाच वाढलेल्या आकड्यावर चार महिने घालवलेत, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

आज एवढं कर, दोन्ही नळ्यांत, कंट्रोल आणि टॉक्सिन, अगदी थोडं ट्रायटन (मेंब्रेन उघडणारं डिटर्जंट) घाल (जास्त झालं तर पंपच मरतो, आधी मात्रा ठरवून घे). सगळे व्हेसिकल उघडे झाल्यावर फरक गायब झाला तर तो नुसता झाकण उघडल्याचा आकडा होता. पंप बंद पाडणारं व्हॅनाडेट घातलेली नळी पण ठेव, व्हॅनाडेटने जो भाग बंद होईल तेवढाच पंपाचा धर.

फॉस्फेट चढण्यालाही हीच शंका लागू आहे, कारण कायनेजलासुद्धा एटीपी लागतं आणि त्यांचंही डोकं आतल्याच बाजूला. म्हणून रेडिओअ‍ॅक्टिव्ह फॉस्फेटचे पट्टे जेलवर गडद दिसले म्हणजे कायनेज चेकाळले असं ट्रायटनच्या कंट्रोलशिवाय म्हणू नकोस.

देठ_आणि_पान

दोन थरांच्याच पद्धतीने काढलेत, ही बाजूच लक्षात आली नव्हती!! काल ट्रायटन घालून केलं. कंट्रोलचा निळा रंग इतका चढला की टॉक्सिनच्या नळीच्या अगदी जवळ गेला, पण टॉक्सिन थोडं वर राहतंच, दोन्ही वेळा. व्हॅनाडेटने दोन्ही जवळपास सपाट झाले. मग हे उरलेलं थोडं म्हणजे मूळरोम म्हणतात तसं मोकाट सुटणं का?

मूळरोम

नाही, आणि इथे माझ्याच उत्तरात दुरुस्ती करतो. ट्रायटनने व्हेसिकल उघडे झाले की तिथे व्होल्टेजही नाही आणि प्रोटॉनचा फरकही नाही, मग मोकाट सुटायला राहिलं काय? मोकाट सुटणं बघायचं असेल तर उलटे, बंद व्हेसिकल हवेत (गोठवून वितळवलं की काही उलटे होतात), त्यात ग्रामिसिडिन घालून बघा, त्याने आधीच गळती झाली असताना टॉक्सिन आणखी वाढवतंय का ते. ट्रायटननंतरही जे उरतंय ते मात्र खरंच पंपावरचं असू शकतं, तिथे कायनेज बंद करणारं स्टॉरोस्पोरिन घालून फरक जातो का बघण्यात अर्थ आहे. फक्त फॉस्फेट चढलं म्हणजे पंप चालू असं समीकरण मांडू नका. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या एएचए-२ पंपात ९४७ व्या थ्रिओनिनवर चढलं तर चालू आणि ९३१ व्या सेरिनवर चढलं तर उलट चौदा-तीन-तीन चिकटत नाही, पंप मंदावतो. कुठे चढलं ते महत्त्वाचं.

अंकुर_०७

मग बॅक्टेरिया मेंब्रेनमधल्या प्रोटीनला थेट धरतच नाहीत का?

काचपट्टी

धरतात ना, पण ते काम टॉक्सिनपेक्षा इफेक्टर प्रोटीन करतात, जी बॅक्टेरिया सुईसारख्या यंत्रातून पेशीत सोडतो. बॅक्टेरियाच्या फ्लॅजेलाचा तुकडा ओळखणारा एफएलएस-२ हा रिसेप्टर प्लाझ्मा मेंब्रेनमध्ये पहारा देतो, अ‍ॅव्हआरपीटीओबी हे इफेक्टर त्याच्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवतं आणि पेशी स्वतःचाच पहारेकरी मोडीत काढते. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे अ‍ॅव्हआरई, २०२३ मध्ये दाखवलं गेलं की हे इफेक्टर स्वतःच मेंब्रेनमध्ये पाणी आणि छोटे रेणू जाऊ देणारी नळी बनतं. रोगट पानावर डागाभोवती तेलकट, ओलसर, उजेडात धरलं तर आरपार दिसणारी कड असते ना, ती पेशींच्या मधल्या जागेत पाणी साचल्याची. त्या ओलाव्यातच बॅक्टेरिया वाढतात.

आणि देठ_आणि_पान, चकत्यांचं एक राहिलं. बीटचा लाल रंग व्हॅक्युओलमध्ये (पेशीच्या आतल्या, स्वतःचं वेगळं पटल असलेल्या पिशवीत) असतो, म्हणजे तो बाहेर यायला दोन पटलं फुटावी लागतात, तोवर फार उशीर झालेला असतो. लाल व्हायच्या आधी पाण्याची कंडक्टिव्हिटी मोज, दर दोन मिनिटांनी, पोटॅशियम आधी सुटतं.

देठ_आणि_पान

मोजली. पाणी नितळ दिसत असतानाच आकडा चढायला लागला, पहिला गुलाबी धागा दिसेपर्यंत कंट्रोलच्या दुप्पट झाला होता. आता उलटे व्हेसिकल आणि ग्रामिसिडिन, स्टॉरोस्पोरिन मागवायला टाकलंय, आलं की इथेच लिहिते.