पंचविसावा गुरू आपल्याच घरात : कुत्री, मांजरं, एक बैल आणि देवाची थट्टा

धागाकर्ती

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र यांच्या जोडीला कबुतर आहे, अजगर आहे, हत्ती, हरीण, मासा, पतंग, कोळीसुद्धा आहे. कुत्रा नाही. मांजर नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे बसलेले असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो, पण गुरूंच्या यादीत त्यांचा नंबर लागलेला नाही.

माझा तर्क असा की अवधूताला घर नव्हतं. कुत्रा-मांजर कळायला घर लागतं, सोफा लागतो, सोवळं लागतं, ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध लागतं. म्हणजे हा गुरू संसारी माणसांसाठी राखून ठेवलाय. आणि तो प्रवचन देत नाही, खोड्या काढतो.

तर तसे अनुभव इथे लिहा. ‘माझा टॉमी मला निरपेक्ष प्रेम शिकवतो’ छापाचं नको, ते फॉरवर्डमध्ये रोज येतं. आपण स्वतःला काहीतरी थोर समजून बसलेलो असतो आणि प्राणी बरोबर त्याच क्षणी येऊन त्यावर शेपूट फिरवून जातो. वरून कोणीतरी मुद्दाम पाठवला असावा अशी शंका येईल, असं काही.

माझ्यापासून सुरुवात करते. संकष्टी होती, चंद्रोदय चांगलाच उशिरा. मोदकांचं ताट देवासमोर झाकून ठेवलेलं आणि आमची ठमी त्या ताटाला टेकून बसलेली. संध्याकाळभर हलली नाही, पंजासुद्धा लावला नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, बघा, जनावरालाही उपास कळतो, नाहीतर आमचे हे. चंद्र दिसला, आरतीला उभे राहिलो, तर निरांजन लागेना. वात कोरडी ठणठणीत. ठमीने तूप केव्हाच चाटून संपवलं होतं. मोदकात तिला रस नव्हताच कधी.

सदाशिवपेठी

तुपावरून आमचा खंडू आठवला. आजोबांची नामदेवांवर फार भक्ती. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन ‘देवा, कोरडी खाऊ नका’ म्हणत मागे धावले, ही गोष्ट त्यांनी आम्हाला, आमच्या मुलांना, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला, सगळ्यांना सांगितलेली. गच्चीच्या जिन्यात सापडलेलं पिल्लू घरात आलं आणि आजोबांना त्यांचा पांडुरंग मिळाला. रोज सकाळी खंडूला पोळी, वर चमचाभर साजूक तूप, पोळीचा तुकडा मोडताना ‘विठ्ठल, विठ्ठल’. खंडूही बेरकी. तूप नसलेली पोळी नाकाने लांब ढकलायचा आणि आजोबांकडे बघत राहायचा. आजोबा म्हणायचे, बघा, त्याला गोष्ट ठाऊक आहे.

मग खंडूला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले स्वादुपिंडाला सूज आहे, तेलतूप पूर्ण बंद. त्याच आठवड्यात आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. त्यांचं स्वतःचं तूप आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केलेलं, तरी कोलेस्टेरॉल काही खाली येईना. आजीने एक सकाळ दाराआडून बघितलं. खंडूला एक घास, आजोबांना एक घास. देवाला दाखवलेला नैवेद्य प्रसाद म्हणून घेत होते म्हणे!

आता दोघांना कोरडी पोळी मिळते. खंडू पोळी हुंगून आजोबांकडे बघतो, आजोबा आजीकडे बघतात. ‘नामदेवांच्या काळी लॅब नव्हत्या’ एवढंच आजोबांचं म्हणणं आहे.

चिमणराव नव्हे

आमच्याकडचा छोटासा. दीड दिवसाचा गणपती. बोक्याने गणपतीकडे ढुंकून पाहिलं नाही, मोदकांकडे नाही, दुर्वांकडे नाही. दोन्ही दिवस पायाजवळच्या मूषकासमोर दबा धरून. इतकी एकाग्रता मला अथर्वशीर्षाच्या एकाही आवर्तनात साधली नाही.

श्रीरंगमची सून

मी मूळची मिरजेची, सासर श्रीरंगमचं. आमच्याकडे हा विषय थट्टेचा नाही, सिद्धान्ताचा आहे.

श्रीवैष्णवांत दोन पंथ आहेत, वडकलै आणि तेन्कलै. वडकलै म्हणतात, माणूस माकडिणीच्या पिल्लासारखा. आईला त्याने स्वतः घट्ट धरून ठेवायचं, थोडा प्रयत्न आपलाही हवा. तेन्कलै म्हणतात, माणूस मांजरीच्या पिल्लासारखा. आई मानेला धरून उचलते, पिल्लाने काही करायचं नाही. यालाच मर्कटन्याय आणि मार्जारन्याय म्हणतात. आमचे लोक तेन्कलै, गंधाची रेघ थेट नाकावर उतरते.

आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहायचो. मागच्या शेडमध्ये मांजर व्यायलेली, तीन पिल्लं. पावसाचं पाणी शेडमध्ये शिरायला लागलं तशी ती पिल्लं हलवायला लागली. सासरे मला हाक मारून म्हणाले, ये, शरणागती बघ. खरोखर बघण्यासारखं होतं. मानेला धरल्याबरोबर पिल्लाचं अंग सैल पडतं, मागचे पाय वर येतात, शेपूट पोटाशी जाते, आवाज बंद. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याने मात्र गोणपाटात नखं रुतवली आणि सोडेचना. आई ओढतेय, ते किंचाळतंय. शेवटी तिने त्याला एक चापट दिली आणि निघून गेली. माझा नवरा म्हणाला, अप्पा, हे वडकलै निघालं.

सासरे हसले नाहीत. थोड्या वेळाने ते पिल्लू ओलंचिंब होऊन, शिव्या दिल्यासारखं ओरडत, स्वतःच्या पायांनी पायरी चढून आलं. मांजरीने त्याला ओढून घेतलं आणि बाकी दोघांना चाटत होती तसंच चाटायला लागली. आता जरा पार्श्वभूमी सांगते. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात कोणाच्या मंत्राचा मान, यावरून या दोन पंथांचे खटले इंग्रजांच्या काळापासून चालू आहेत. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘हायकोर्टाला हिच्याकडे पाठवायला हवं.’

खारा वारा

आम्ही वसईचे ख्रिस्ती. मांजरांचं निघालंय तर आमच्या नाताळच्या गोठ्याचं सांगतो. गोठा डिसेंबरच्या मध्यालाच बांधतो. खरं गवत, आरशाचं तळं, मेंढपाळ, गाय, गाढव. बाळाची गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. बाळ 24 तारखेच्या मध्यरात्रीच ठेवतात, तोवर वाट बघायची.

आमच्या लुसीला हे वाट बघणं मान्य नव्हतं. गोठा पूर्ण झाला त्याच रात्री ती गव्हाणीच्या जागी वेटोळं करून झोपली. गव्हाण केव्हाच सपाट झालेली, योसेफ आडवा, तीन राजे तळ्यात. मम्मीने उचललं, ही परत. मम्मीने गवतावर संत्र्याच्या साली टाकल्या, कारण मांजराला तो वास सोसत नाही म्हणतात. हिने साली बाहेर काढल्या आणि परत झोपली. शेवटी पप्पा म्हणाले, अगं, त्या रात्री सरायीत त्यांना जागा दिली नव्हती, आपण निदान हिला तरी देऊ. त्यावर मम्मीला काही बोलता येईना. मध्यरात्रीच्या मिस्साहून आलो तेव्हा लुसी उठली, आळस दिला, निघून गेली. बाळ ठेवलं. गवत अजून गरम होतं.

वाड्यात वाढलेला

सातारा, आमचा जुना वाडा, खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. आजीचा पोपट होता. आजीने त्याला नाम शिकवायचा विडाच उचललेला. पहाटे पिंजऱ्यासमोर बसून, एकेक अक्षर सुटं करून, ‘रा-म रा-म’. हातात हिरवी मिरची. पोपट मिरची घ्यायचा आणि गप्प.

कीर्तनकार बुवा जेवायला आले होते. आजीने पिंजरा मुद्दाम पडवीत आणून ठेवला. बुवांनी कौतुकाने हात जोडले, म्हणाले, ‘बोला राघू.’ राघू हुबेहूब आजीच्या आवाजात, आजीच्याच हेलात बोलला : ‘मेली ही कटकट, दूध उतू गेलं!’ आणि पाठोपाठ आजीचा तो दीर्घ सुस्कारा. सुस्कारासुद्धा!

पंगतीत कोणी मान वर करेना. बुवा मात्र मोठे समजूतदार. म्हणाले, आजी, तो खरं तेच सांगतोय, दिवसातून जे जास्त वेळा म्हणता तो तुमचा जप. आजी तेव्हा रागावली. पण पुढे दूध उतू गेलं की ती ओट्याशी ‘मेली...’ म्हणून थांबायची, पडवीकडे बघायची आणि वाक्य ‘राम राम’ने पुरं करायची. वर्षभराने पोपट बोलायला लागला, ‘मेली राम राम’.

नियमावर बोट ठेवणारी

भन्नाट किस्सा. फक्त कोणी आता पोपट आणायला धावू नका. आपला देशी हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो पिंजऱ्यात पाळणं गुन्हा आहे.

यवतमाळी

बैल चालेल ना धाग्याला? पाळीवच आहे. सोफ्यावर बसत नाही एवढंच.

ट्रॅक्टर आला तसे गावातले बैल कमी झाले. आमची एक जोडी होती, त्यातला डावा मेला, उजवा राहिला, शिंग्या. कामाला निरुपयोगी. व्यापारी दोनदा येऊन गेला, बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. पण एकट्या बैलाने पोळ्यात जायचं कसं? शेजाऱ्याचाही एकच उरलेला. मग दोघांच्या उरलेल्यांची जोडी लावली. दोघांचं जन्मात कधी जमलं नव्हतं, बैलांचंही आणि बाबा-शेजाऱ्याचंही. बांधावरून बोलणं बंद होतं.

आदल्या दिवशी खांदेमळणी. बाबांनी शिंग्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली. जुवाने घट्टे पडलेली ती जागा, केस उडालेले, कातडं चपलेसारखं झालेलं. तिथे हात फिरवत कानाशी वाकून म्हणाले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ हे प्रत्येक घरात म्हणतात, पण बाबा दोनदा म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या. बेगड, झूल, घुंगरं. झडत्या सुरू झाल्या, एकाने म्हणायची, बाकीच्यांनी ‘हर बोला हर हर महादेव’. पूजा झाली आणि तोरण तुटायच्या ऐन क्षणी शिंग्या बसला. मधोमध. जोडीदारही त्याच्याबरोबर बसला, बांधलेलाच होता. मागे अख्खा गाव खोळंबला. शेपूट पिरगाळायला एक पोरगा पुढे झाला, बाबांनी त्याचा हात धरला. ‘आजच्या दिवशी नाही. महादेवाचा नंदी आहे, त्याच्या मनात येईल तवा उठन.’

मग काय, झडत्या चालूच. पाठ असलेल्या संपल्या. लोक नवीन रचायला लागले, सरपंचावर, कापसाच्या भावावर, शेवटी बाबा आणि शेजाऱ्याच्या बांधावर. शेजारी आधी लाल झाला आणि मग त्यानेच उलट एक झडती बाबांवर म्हटली, बाबांनी त्यावर दुसरी. असं किती वेळ चाललं कोण जाणे. दोघं खुर्ची टाकून समोरासमोर बसल्यासारखे बैलांच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते. दोघांचे झाले तेव्हा शिंग्या उठला, अंग झटकलं आणि डोक्यावर लोंबणारी तोरणाची आंब्याची पानं खाल्ली.

पुरणपोळी शेजाऱ्याकडे खाल्ली त्या दिवशी, शिंग्याने आणि आम्ही पण.

मुक्काम ठाणे

वडील गेल्यावर आईने आवराआवर सुरू केली. चांगल्या साड्या वाटल्या, भांडी वाटली, कपाटाचा खालचा कप्पा पूर्ण रिकामा केला. शांतपणे सांगायची, आता कशात जीव अडकवायचा नाही. रोज दुपारी भागवताचा एक अध्याय. आम्हा भावंडांना ते बघवत नव्हतं, पण बोलणार काय.

त्या रिकाम्या कप्प्यात जिन्यातली मांजर येऊन व्यायली. आईने खिडकी उघडी ठेवलेली, साड्या नसल्यामुळे दारही लावत नव्हती. चार पिल्लं. आई म्हणाली, डोळे उघडेपर्यंत राहू दे. मग म्हणाली, दूध सुटेपर्यंत. मांजर सात घरं फिरवते म्हणतात, ही काही हलेना. तीन पिल्लं लोकांनी नेली. चौथं, पांढरं, एका डोळ्याने अधू, आईने मागायला आलेल्यांना दाखवलंच नाही. पलंगाखाली लपवलं.

तेव्हा तिचा पाचवा स्कंध चालू होता. जडभरताची कथा. भरत राजा राज्य सोडून वनात गेला, हरणाचं पाडस सापडलं, त्याच्यात इतका गुंतला की मरतानाही त्याचंच ध्यान, आणि पुढचा जन्म हरणाचा. मी फोन केला तर आई म्हणाली, आज अध्याय अर्ध्यातच ठेवला. का? तर म्हणे पिल्लू पोथीवर झोपलंय. नेमकं त्याच पानावर.

मी विचारलं, उठवलं नाहीस? थोडा वेळ काही बोलली नाही, मग हसायला लागली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा, खळखळून. म्हणाली, ‘आता पुढचा जन्म मांजराचा हे ठरलंच आहे. घर तेवढं बरं मिळू दे.’ दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून दोन जुन्या साड्या परत मागवल्या, सुती, मऊ पडलेल्या. पिल्लाच्या अंथरुणाला.

अर्धवट नास्तिक

वरचं वाचून गप्प बसणार होतो, पण आमच्या ब्रूनोचा हक्क बुडेल.

सोसायटीच्या गणपतीत आरती सुरू झाली की ब्रूनो चौथ्या मजल्यावरून गळा काढतो. शास्त्रीय कारण साधं आहे : लांबवलेला सूर ऐकला की कुत्र्याला तो दुसऱ्या कुत्र्याची साद वाटतो आणि तो उत्तर देतो. हे मी कमिटीला व्यवस्थित समजावून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते पटलं नाही. त्यांच्या मते तो मागच्या जन्मी गोंधळी होता आणि त्याला वर कोंडून ठेवण्याचं पाप माझ्या माथी.

शेवटी खाली आणला. ‘सुखकर्ता’ला गप्प. ‘लवथवती’ला गप्प. ‘येई हो विठ्ठले’ला ‘निढळावरी कर’ची तान लागली तसा त्याने मान वर केली आणि सूर धरला. आमच्या सोसायटीत ती तान कोणालाच पुरत नाही, सगळे मध्येच श्वास घेतात. ब्रूनोने सोडली नाही. पेटीवाल्याने हळूच पट्टी तपासली आणि मला खूण केली, बरोबर आहे.

यंदा सी विंगनेही त्याला बोलावलंय. मला नाही, फक्त त्याला. मला सांगितलंय की पट्टा धरायला कोणीतरी लागेल, तर या.